माझ्या नावाची लिमिटेड कंपनी

नवऱ्याने तेव्हा अम्ब्रेला कंपनी निवडली असती, तर मी आज फिजिओथेरपिस्ट असते. हे वाक्य मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते वेडगळ वाटेल. नवऱ्याच्या टॅक्सचा आणि बायकोच्या करिअरचा काय संबंध, असं कुणीही विचारील. मलाही तो कळायला चार वर्षं लागली, आणि कळला तोही घरात नाही, एका परक्या ऑफिसात, अनोळखी बाईकडून.

दोन हजार तीन साली आम्ही स्टॅनमोरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मुलगी तीन वर्षांची होती. नवरा सॉफ्टवेअरमध्ये पर्मनंट नोकरी करत होता आणि त्याच्या ऑफिसातली अर्धीअधिक मंडळी ती सोडून कॉन्ट्रॅक्टिंगला गेली होती. शेवटी यालाही लंडनमधल्या एका विमा कंपनीचं सहा महिन्यांचं काम मिळालं. एजन्सीने पहिला प्रश्न विचारला, पैसे कोणत्या कंपनीच्या खात्यात टाकायचे? माणसाला थेट पैसे द्यायची त्यांची पद्धत नव्हती. एक तर स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची, नाहीतर अम्ब्रेला कंपनीत जायचं. अम्ब्रेला म्हणजे अशा शेकडो कॉन्ट्रॅक्टर लोकांना कागदोपत्री नोकरीला ठेवणारी कंपनी. ती एजन्सीकडून पैसे घेते, टॅक्स आणि आपली फी कापते आणि उरलेला पगार हातावर ठेवते. लिमिटेडमध्ये आपणच मालक. पगार नावाला घ्यायचा आणि बाकीचा नफा डिव्हिडंड म्हणून काढायचा. त्यावर टॅक्स कमी.

सल्ला द्यायला इल्फर्डहून त्याचा मित्र आला. हा माणूस तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करत होता आणि आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात जाऊन त्याने लोकांच्या कंपन्या काढून दिल्या होत्या. लग्नं जमवण्याचा षौक असलेली माणसं असतात तसा. जेवायला बसता बसता त्याने प्रिंटआउट पसरले.

"अम्ब्रेलामध्ये हेडेक नाही, मान्य. पण टेक-होम बघ ना," तो नवऱ्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "वहिनी, सेक्रेटरी तुम्ही. कायद्याने लागतेच. आणि अर्धे शेअर्स तुमच्या नावावर."

"मला त्यातलं काही कळत नाही," मी आमटी वाढत म्हणाले.

"कळायचं काय आहे त्यात? सही करायची. तुम्हाला इन्कम नाही, म्हणजे तुमचा अख्खा टॅक्स अलाउन्स, टॅक्स न भरता कमवायची मर्यादा, दरवर्षी फुकट चाललाय."

या देशात माझं काहीतरी फुकट चाललंय, असं तोवर कुणीच बोललं नव्हतं. पुण्यात मी सहा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी केली होती. अर्धांगवायू झालेली माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा चालायला शिकली होती. इथे रजिस्ट्रेशनसाठी कुणा सीनियरच्या देखरेखीखाली काही महिने बिनपगारी काम करायची अट होती, वर त्याची फी, वर मुलीला सांभाळणारीचे पैसे. ते राहूनच गेलं होतं. आणि हा गृहस्थ अलाउन्सबद्दल हळहळत होता.

मी तरी म्हटलं, "अम्ब्रेलाच बरी नाही का? महिन्याला पगार येईल, कटकट नाही." नवऱ्याचंही मन तिकडेच ओढत होतं. तो मुळात भित्रा. विमानतळावर चार तास आधी जाऊन पासपोर्ट हातात धरून बसणारा. पण त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. अम्ब्रेला म्हणजे काय हे त्याने दोनदा समजावल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तू एवढं शिकून छत्र्यांच्या कंपनीत लागणार?" मग लिमिटेडचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यात तू कोण?" हा म्हणाला, डायरेक्टर. तिथे विषय संपला.

कंपनीला त्याने माझं नाव दिलं. त्यांच्या घरात ती रीतच आहे. सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानाला सासूबाईंचं नाव, धाकट्या काकांच्या पिठाच्या गिरणीला काकूंचं. बायको घरची लक्ष्मी, तिच्या नावाने धंदा केला की बरकत येते, वगैरे. सासूबाईंनी त्या दुकानाच्या गल्ल्याला उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण सर्टिफिकेट आलं, त्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव दिसलं आणि मी हुरळले. मुलीला ते वाचूनही दाखवलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी शिरा केला होता.

पुढची चार वर्षं मी सह्या केल्या. हॅरोचा अकाउंटंट कागद पाठवायचा, जिथे सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असायची. नवरा पानाचा खालचा कोपरा पुढे करायचा, "इथे," आणि मी उलथनं डाव्या हातात घेऊन उजव्याने सही करायचे. मला वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. नवऱ्याने पुढे केलेला कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं कुठेतरी मुरलेलं होतं. माझी आईही अशीच सही करायची. मला दोष द्यायचाच झाला तर हा द्यावा, मी तो घेते.

मधूनमधून मी रजिस्ट्रेशनचा विषय काढत असे. तो कधी नाही म्हणाला नाही. "हे रिन्यूअल होऊ दे, मग बघू," एवढंच म्हणायचा. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दर तीन महिन्यांनी वाढायचं आणि त्याआधीचे तीन आठवडे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. त्या दिवसांत तो जेवताना बोलत नसे. रिन्यूअल झालं की दोन दिवस हसायचा, तिसऱ्या दिवसापासून पुढच्याची काळजी. हे असंच चालू राहणार आहे आणि माझी पाळी यात कुठेच येणार नाही, हे मला समजत होतं. तो कंजूष होता असंही नाही. मागितले की पैसे देत असे. मागितले की.

दोन हजार सहाच्या शरद ऋतूत लायब्ररीच्या बोर्डवर मला एक नोटीस दिसली. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या, घरी बसलेल्या बायकांना पुन्हा कामाला लावण्यासाठी एक ट्रस्ट मदत करत होता. हॉस्पिटलची फी तेच भरणार, मूल सांभाळण्याचा खर्चही देणार. अट एकच, अर्जदाराला स्वतःचं उत्पन्न नसावं. मी तिथेच उभी राहून हसले. माझ्याइतकी अटीत बसणारी बाई अख्ख्या हॅरोमध्ये सापडली नसती.

सगळं मी एकटीने केलं. नवऱ्याला सांगितलं, पण त्याच्याकडून काही मागितलं नाही, आणि त्यामुळे तोही खूश होता. एका हॉस्पिटलातली फिजिओथेरपीची सीनियर मला भेटायला तयार झाली. ती ग्लासगोची होती, तिचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही. तिने माझी सर्टिफिकेटं बाजूला ठेवली आणि स्वतःचा दुखरा खांदा पुढे करून म्हणाली, तपास. मी चार वर्षांत कुणाच्या सांध्याला हात लावला नव्हता. पण बोटं जिथे जायला हवीत तिथे गेली. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "तुझे हात चांगले आहेत." फेब्रुवारीच्या मध्यापासून तिने माझ्यासाठी सहा महिन्यांची जागा धरून ठेवली. बसमधून घरी येताना मी माझ्या हातांकडे बघत होते. इतकी आनंदात मी या देशात त्याआधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

जानेवारीत ट्रस्टने शेवटच्या मुलाखतीला बोलावलं आणि घरातले टॅक्सचे कागद आणायला सांगितले. मी नवऱ्याच्या कपाटातून कंपनीची फाइल काढली आणि तशीच पिशवीत घातली. उघडून बघितली नाही. तेव्हाही नाही.

मुलाखत घेणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. तिने फाइल चाळली, एका पानावर थांबली, मग ते पान माझ्याकडे फिरवलं.

"हा टॅक्स रिटर्न तुमचा आहे?"

वर माझं नाव होतं. मी म्हटलं, तो माझ्या नवऱ्याचा असेल, कंपनीला माझं नाव आहे म्हणून गोंधळ झाला असेल. तिने मागचं पान दाखवलं. "ही सही कोणाची?"

सही माझी होती. त्या पानावर माझं वर्षभराचं उत्पन्न लिहिलेलं होतं. सेक्रेटरी म्हणून छोटासा पगार आणि अर्ध्या मालकीचा डिव्हिडंड. पुण्यात सहा वर्षांत मिळून जेवढं कमावलं नसेल, तेवढं मी एका वर्षात कमावलं होतं. त्याच्या मागे आदल्या वर्षाचाही रिटर्न होता आणि त्याच्याही आधीचा.

"इथे मात्र तुम्ही लिहिलंय, स्वतःचं उत्पन्न नाही," ती म्हणाली.

"मला नाहीच आहे," मी म्हणाले. "ते कंपनीचे पैसे आहेत. कंपनी नवऱ्याची आहे."

"अर्धी तुमची आहे," ती म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाली. "तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

ती चिडली असती तर मी भांडले असते. पण तिला माझी कीव आली. तिने अर्जावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मी हे खोटी माहिती म्हणून नोंदवत नाही, चूक म्हणून नोंदवते." मी तिला थँक्यू म्हटलं. फाइल पिशवीत घालून पायऱ्या उतरले. ज्या बाईकडे स्वतःचे एवढे पैसे आहेत ती धर्मादाय मदत मागायला आली होती. ट्रस्टच्या लेखी मी एक तर लबाड होते नाहीतर मूर्ख, आणि त्यांनी मोठ्या मनाने मला मूर्ख ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी नवरा कोट काढत असतानाच मी फाइल टेबलावर टाकली. त्याने ऐकून घेतलं. त्याला खरंच वाईट वाटलं, हेही सांगायला हवं.

"अगं, पण ते फक्त पेपरवर आहे," तो म्हणाला. "टॅक्ससाठी."

"पेपरवर माझे, मग खरे कोणाचे?"

"आपले," तो म्हणाला.

मी म्हटलं, ठीक आहे, आपले. ट्रस्ट गेला तर गेला, आता आपल्यातून माझी फी भर. सीनियरला मी फोन करून सांगितलं होतं आणि तिने सोमवारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. नवऱ्याने खुर्ची ओढली. बँकेत होतं तेवढं घराच्या डिपॉझिटसाठी बाजूला काढलं होतं, मार्चमध्ये घराचा ताबा मिळणार होता. उरले कंपनीतले. ते होते, भरपूर होते. "पण या वर्षीची दोघांचीही कमी टॅक्सची लिमिट संपली आहे," तो म्हणाला. "आत्ता डिव्हिडंड काढला तर पाव हिस्सा टॅक्समध्ये जाईल. सहा एप्रिलला नवं टॅक्स इयर लागतं. दोन महिने थांब ना. तुझे तुला देतो, प्रॉमिस."

दोन महिने. चार वर्षं थांबलेल्या बाईला त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं.

शुक्रवारी तो कामावर गेल्यावर मी ती फाइल पहिल्या पानापासून वाचली. तिच्यात कंपनीच्या सभांची इतिवृत्तं होती. अमुक तारखेला रजिस्टर्ड ऑफिसात, म्हणजे आमच्या फ्लॅटमध्ये, सभा झाली, दोघे हजर होते, डिव्हिडंड द्यायचं ठरलं, खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. अशी बारा-तेरा पानं. त्यांतल्या एका तारखेला आम्ही ग्लासगोला नवऱ्याच्या दुसऱ्या एका मित्राच्या घरी जेवत होतो, हे मला पक्कं आठवत होतं. जी सभा कधी झालीच नाही तिथे मी हजर राहून मान डोलावली होती.

शनिवारी सकाळी मुलगी पोहायला गेली होती. मी डायनिंग टेबल पुसलं, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि त्याला म्हटलं, "ये, आज कंपनीची मीटिंग आहे. एकदा खरी घेऊ."

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून बसला.

"मी अर्धी मालक आहे," मी म्हणाले. "माझं म्हणणं आहे की आज डिव्हिडंड काढायचा. माझा हिस्सा मला द्यायचा. टॅक्स जाईल तो जाऊ दे. तुझं हो की नाही?"

"असं नको ना करूस."

"हो की नाही?"

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागला. मग म्हणाला, "मला रोज सकाळी ट्रेनमध्ये वाटतं, आज काढून टाकतील. एका मेलवर. तुला खोटं वाटेल, पण मी पगार मोजत नाही, तो थांबला तर किती महिने निघतील ते मोजतो. त्यातला पाव हिस्सा असाच देऊन टाकायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. सॉरी. नाही."

एक विरुद्ध एक. ठराव नामंजूर झाला. मला रडायचं होतं, ओरडायचं होतं, फाइल त्याच्या अंगावर भिरकावायची होती. पण तो समोर इतका घाबरलेला बसला होता की माझा रागही हातचा गेला. राग असता तर मी काहीतरी केलं असतं. बॅग भरली असती, बांगड्या विकल्या असत्या, त्याच्या मित्राला इल्फर्डला जाऊन चार शब्द सुनावले असते. भीती मला कळत होती, नवरा मला कळत होता, त्याचं म्हणणं टॅक्सच्या दृष्टीने बरोबर आहे हेसुद्धा कळत होतं. एवढं सगळं कळल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. मी उठून खुर्च्या जागेवर लावल्या.

सोमवारी सीनियरला फोन केला. जमत नाही म्हणाले. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? तू सेफ आहेस ना?"

"हो, हो," मी म्हणाले. "माझा नवरा खूप चांगला आहे. टॅक्स इयर संपायला अजून दोन महिने आहेत, एवढंच."

तिला काय कळलं असेल देव जाणे. तिने ती जागा दुसऱ्या मुलीला दिली.

सहा एप्रिलला नवरा विसरला नाही. सकाळी उठल्याउठल्याच त्याने कंपनीचा चेक लिहिला, माझ्या नावाने, आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला. "घे, तुझे," म्हणाला. मी तो घेऊन हॉस्पिटलला फोन केला. इथेच शिकून बाहेर पडलेल्या मुलांनाच नोकऱ्या मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी बाहेरून आलेल्यांना घेणं बंद केलं होतं. मी आणखी नऊ हॉस्पिटलांना पत्रं लिहिली. पाचांनी उत्तर दिलं, सगळ्यांचं एकच. पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशनवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही काम सोडून आता फार वर्षं झाली, आधी कॉलेजला जा. मी पस्तिशी ओलांडली होती. नंतर मी विचारणं सोडलं.

लिमिटेड कंपनीही फार टिकली नाही. दोन हजार नऊमध्ये मंदीत त्याचं काम गेलं, सात महिने तो घरी बसला आणि मग जे काम मिळालं त्याच्या एजन्सीने अम्ब्रेलाची अट घातली. त्याने एका दुपारी फोनवरच हो म्हटलं. ना मित्राला बोलावलं, ना प्रिंटआउट पसरले, ना वडिलांना सांगितलं. माझ्या नावाची कंपनी बंद झाली. आता महिन्याच्या महिन्याला पगाराची स्लिप येते आणि तो पूर्वीपेक्षा शांत असतो.

तो चेक मात्र बरेच दिवस ड्रॉवरमध्ये पडून होता. दोन हजार सातच्याच ऑगस्टच्या शेवटी नवरा म्हणाला, अगं, सहा महिन्यांनी चेक बाद होतो, वापरून टाक. तेव्हा आम्ही नव्या घरात आलो होतो आणि हॉलचं कार्पेट आधीच्या लोकांच्या कुत्र्याने कुरतडलेलं होतं. ते काढून आम्ही ओकचं लाकूड बसवून घेतलं. चांगलं काम झालं, आजही एक फळी हललेली नाही. घरी कुणी नवीन आलं की हमखास विचारतं, फ्लोअर कुठून केलं, किती छान आहे. मग नवरा माझ्याकडे बघून हसतो आणि त्यांना सांगतो, "हे हिच्या स्वतःच्या पैशांतून केलंय." तो हे अभिमानाने सांगतो, आणि त्यात खोटं काहीच नाही.